हिचं कोण गेलंय?

ईश्वरी खटावकर नापास झाली ती एका शब्दामुळे, आणि तो शब्द तिला घरातूनच शिकवलेला होता.

मुलाखतीची खोली लहान होती. एक खुर्ची, समोर भिंतभर पडदा आणि पडद्यावर खाटेला खिळलेल्या एक आजी. आजी खऱ्या नव्हत्या, संगणकानं उभ्या केलेल्या होत्या. पण त्यांना धाप अशी लागली होती की ईश्वरीचा हात आपोआप पुढं गेला आणि पडद्याला लागून परत आला. तिनं त्यांची विचारपूस केली. कुठं दुखतं, झोप लागते का, घरी कोण असतं, सगळं विचारलं. मग वेळ संपल्याचा दिवा लागला आणि आजी म्हणाल्या, "चाललीस व्हय गं?"

"येते हं आजी," असं म्हणून ईश्वरी उठली.

तिला सहासष्ट गुण मिळाले. सत्तर लागत होते. निकालाखाली कारण दिलेलं होतं: उमेदवाराने रुग्णाला परत येण्याचे खोटे आश्वासन दिले, म्हणून आठ गुण वजा.

आता त्या शहाण्या यंत्राला कुणी सांगायचं? आमच्याकडं कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेली बाईसुद्धा उंबऱ्यात 'येते' म्हणते. 'जाते' म्हणायचं नसतं. त्यातून आजारी माणसाच्या उशाशी तर नाहीच नाही. पण यंत्राला मराठी शिकवणाऱ्यांनी शब्दांचे अर्थ तेवढे शिकवले. 'येते' म्हणजे येणार, आणि आली नाही म्हणजे खोटारडी. विषय संपला.

एकेकाळी मिरजेत दर चार घरांआड एक नर्स असायची. दवाखान्यांचंच गाव ते. पण आता सलाइन लावायला, इंजेक्शन द्यायला, रक्तदाब बघायला, औषधांच्या वेळा सांभाळायला यंत्रं आली होती, आणि खरं सांगायचं तर ती माणसांपेक्षा कमी चुकत होती. माणसासाठी एकच काम उरलं होतं, ते म्हणजे रुग्णाशेजारी बसायचं. धीर द्यायचा, ऐकून घ्यायचं, शेवट जवळ आला असेल तर हात धरायचा. या नोकरीला 'सोबती परिचारिका' असं नाव होतं. नोकऱ्या थोड्या आणि मुली पुष्कळ, मग निवडायचं कशावर? हुशारी आता लागत नव्हती. लागत होती माया, आणि माया मोजायला हे यंत्र होतं. त्याचं सरकारी नाव सहृदयता मापक. मुली त्याला सासूबाई म्हणत, कारण त्याला सगळं दिसायचं आणि काहीच पसंत पडायचं नाही.

सासूबाईंचं काम समजायला अवघड नाही. आपला चेहरा अर्धाच आपल्या ताब्यात असतो. हसू आणता येतं, भुवया पाडता येतात. पण दुसऱ्याचं दुखणं बघून खरंच पोटात तुटलं, तर चेहऱ्याच्या कातडीखालचं रक्त किंचित सरकतं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, श्वास मध्येच अडतो, आवाजात कानाला न कळणारा कंप येतो. हे सगळं ज्या मज्जातंतूंच्या हाती आहे ते आपलं ऐकत नाहीत. यंत्राच्या कॅमेऱ्याला मात्र रंगातला तो बारीक फरक दिसतो. आजाऱ्याशेजारी बसलेल्या लाखो माणसांचे खरेखुरे चेहरे बघून ते शिकलं होतं, त्यामुळे त्याच्यापुढं नाटक चालत नसे. नाट्यस्पर्धेत बक्षिसं मिळवलेल्या मुली तिथं चाळीस गुणांच्या पुढं सरकल्या नव्हत्या.

ईश्वरीचे वडील दिगंबर खटावकर यांना सगळे आण्णा म्हणत. एका मोठ्या हॉस्पिटलच्या समोरच त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि नर्सचे पांढरे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण ईश्वरीनं नर्स व्हायचं ठरवलं ते त्यामुळं नाही. आई तिच्या आठवणीआधीच गेली होती. धाकटी बहीण रेवू नऊ वर्षांची असताना रक्ताच्या कॅन्सरनं गेली, तेव्हा ईश्वरी बाराची होती. रेवूच्या शेवटच्या दिवसांत एक नर्स कामाची वेळ संपली तरी तिच्याजवळ बसून राहायची. आपण हीच व्हायचं, हे ईश्वरीनं तेव्हाच ठरवलं. दुसरं काही व्हावं असं तिच्या डोक्यात कधी आलंच नाही.

मुलाखत दोनदाच देता यायची. दुसऱ्या खेपेला सत्तर चालत नसत, ऐंशी लागत. म्हणून ती कोरे मॅडमच्या क्लासला गेली.

"येते म्हणालीस ना?" मॅडमनी तिला बघताक्षणीच विचारलं.

भारती कोरे पूर्वी वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर होत्या. यंत्रं आल्यावर घरी बसल्या आणि स्टेशन रोडवर चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत त्यांनी क्लास काढला. दारावर 'आरोग्य सेवा मुलाखत मार्गदर्शन' अशी पाटी होती. बाई सरळ बोलायच्या, गोड बोलायच्या नाहीत.

"निम्म्या पोरी त्याच शब्दाला ठेचकाळून माझ्याकडं येतात," त्या म्हणाल्या. "मी कळवलंय तिकडं. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. नोंद घेऊन काय लोणचं घालणार आहेत काय? चल, म्हण बघू. मी आता जाते."

ईश्वरीला ते म्हणता येईना. 'जा' ओठावर यायचा आणि जीभ अडायची. शेवटी मॅडमनी सगळ्या वर्गाला उभं केलं आणि मुलींनी एका सुरात 'मी आता जाते, मी आता जाते' असं घोकलं. खालचा चष्मेवाला वर येऊन बघून गेला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

पहिले काही दिवस साधं शिक्षण झालं. अर्जात 'मला सेवेची आवड आहे' असं लिहायचं नाही, सगळ्याच लिहितात. आजीला कधी भरवलं असेल तर तेवढंच लिहायचं. नखं कापायची. गजरा नको, अत्तर नको. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायचा. ईश्वरीला हे सगळं येतच होतं. मग एका दुपारी मॅडमनी दार लावून घेतलं आणि खरा धडा सुरू केला.

"सासूबाईला एवढंच कळतं की तुम्हाला वाईट वाटतंय. कुणाबद्दल वाटतंय, ते कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून बघायचं पेशंटकडं, आणि आठवायचं आपलं. ज्या आठवणीनं तुमच्या पोटात खड्डा पडतो, ती एक आठवण शोधा. तिला मी ठेव म्हणते. पडद्यावर माणूस दिसलं की हळूच ठेव उघडायची. चेहरा आपोआप बोलतो."

"पण हे खोटं आहे," ईश्वरी म्हणाली.

"खोटं कसं? डोळ्यांत पाणी खरंच येतं की."

"त्या आजीसाठी येत नाही ना पण."

"ती आजी तरी कुठं खरी हाय?"

वर्ग हसला. ईश्वरी हसली नाही. "आणि वॉर्डात? तिथं तर खऱ्या असतील."

मॅडमनी लावलेलं दार पुन्हा एकदा ओढून बघितलं. "वॉर्डात गेलीस की तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. "आधी आत तरी जा."

प्रत्येकीनं आपली ठेव वर्गात मॅडमना एकदा सांगायची असा नियम होता, म्हणजे ती कामाची आहे का ते त्या ठरवत. ईश्वरीनं रेवूचं सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात रेवूचं तोंड आतून सोललं होतं. पाणीसुद्धा झोंबायचं. आणि पोरीला भडंगाची हाव. जयसिंगपूरचं तिखट भडंग, म्हणजे लसणाचे तळलेले तुकडे घातलेले चुरमुरे, तिचा जीव की प्राण. आण्णांनी मुद्दाम पुडा आणला आणि तो बघून तिचं तिलाच कळलं की हे आपल्याला जमायचं नाही. मग ती ईश्वरीला म्हणाली, "ताई, तू खा. मी ऐकते." ईश्वरी तिच्या उशाशी बसून एकेक घास कुरुमकुरुम वाजवत खात राहिली, आणि रेवू डोळे मिटून, जरा हसल्यासारखी, ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "शेंगदाणा आला वाटतं." दोन दिवसांनी ती गेली.

सांगून होईपर्यंत ईश्वरीचा आवाज पार गेला होता. मॅडमनी तिला पाणी दिलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण हातातल्या छोट्या मापकाकडं बघून त्या म्हणाल्या, "चौऱ्याण्णव. इतकी चांगली ठेव या वर्षात कुणाची आली नाही."

मग त्यांनी एक ताकीद दिली, ती नीट समजून घ्यायला हवी. आठवण म्हणजे कपाटातला फोटो नव्हे. ती दर वेळी बाहेर काढली की मेंदूत थोडी सैल होते आणि परत ठेवताना नव्यानं बसते. बसताना तिला आत्ताचं वारं लागतं: हा वर्ग, हा ट्यूबलाइट, हा पंख्याचा आवाज. पुन्हा पुन्हा काढली तर तिच्यातला प्रसंग तसाच राहतो, तपशील राहतात, पण त्यातली कळ हळूहळू उतरते. अपघातानं धसकलेल्या माणसांवर डॉक्टर हाच उपाय करतात. तोच प्रसंग सुरक्षित खोलीत इतक्या वेळा सांगायला लावतात की शेवटी त्यातली भीती निघून जाते. तिथं ते औषध आहे. इथं तेच नुकसान.

"म्हणून ठेव जपून वापरायची," मॅडम म्हणाल्या. "घरी सराव करायचा नाही. एकदा बोथट झाली की परत धार लावता येत नाही. ऐकतीयस ना, खटावकर?"

ती ऐकत होती. पण मुलाखतीची तारीख जवळ आली तसा तिचा धीर सुटला. ही शेवटची संधी होती. आयत्या वेळी रेवू आठवलीच नाही तर? आठवली आणि पोटात काही हललंच नाही तर? म्हणून ती तपासून बघायची. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, आरशासमोर. दर वेळी डोळे भरायचे आणि तिला हायसं वाटायचं. आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. परीक्षा आली की माणूस कळत असूनही करतो.

मुलाखतीच्या सकाळी निघताना तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जाते मी आण्णा."

आण्णा मशीनवरून उठले. "काय म्हणालीस?"

"चुकून आलं. क्लासमध्ये तसंच म्हणायला लावतात."

"आगं पण घरात? येते म्हण. म्हणून मग जा."

"येते," ती म्हणाली. पण तोवर ती रस्त्यावर पोचली होती, आणि आण्णा दारात तसेच उभे होते.

तिला ब्याण्णव मिळाले. या खेपेला पडद्यावर फासळ्या मोजता येतील असे एक मास्तर होते. ते काय बोलले यातलं तिला पुढं काहीही आठवेना. शेवटी तिनं स्पष्ट उच्चारात "मी आता जाते" म्हटलं आणि ती बाहेर पडली. आण्णांनी पेढे वाटले. दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी तिचा गणवेश स्वतः शिवला, आणि कॉलरला आतून एक घर ठेवलं, कारण तिथं तिच्याच चेहऱ्याकडं वळलेला बटणाएवढा कॅमेरा बसणार होता.

हो, सासूबाई वॉर्डातही होत्या. सोबती परिचारिकेची माया रोज मोजली जायची. महिन्याची सरासरी सत्तरच्या खाली गेली की ताकीद, पुन्हा गेली की घरी. ईश्वरीनं मनाशी ठरवलं होतं की आता खरी माणसं आहेत, रेवूला काढायची गरज नाही. पण पहिल्याच दिवशी तिच्यापुढं दहा खाटा होत्या, एका खाटेला ठरावीक वेळ होता, आणि पाचव्या खाटेपाशी आपला आकडा घसरला असेल या विचारानं तिला घाम फुटला. तिनं ठेव उघडली. 'ताई, तू खा. मी ऐकते.' झालं. मग ते रोजचंच झालं.

सातव्या खाटेवर मुजावर चाचा होते. किडन्या गेलेल्या, अंगावर सूज. त्यांच्याजवळ बसली की ईश्वरीच्या डोळ्यांतून सरळ धारा लागायच्या. चाचा तिच्याकडं बघून पुटपुटत काहीतरी सांगायचे, ती मान हलवायची. एक दिवस त्यांची सून आली आणि म्हणाली, "सिस्टर, अब्बा म्हणतात दोन दिवस झाले, पायाला चादर टोचतीय म्हणून सांगतोय, पण पोरगी बिचारी इतकी रडते की पुढं सांगवत नाही." ईश्वरीनं चादर उचलून बघितली. खाली पट्टीची क्लिप पडली होती आणि टाचेला जखम झाली होती.

त्या दिवशीचे तिचे गुण होते ब्याऐंशी. तिला स्वतःची शिसारी आली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा खाटा होत्या.

रेवूचा वाढदिवस पौषात असायचा. दर वर्षी आण्णा त्या दिवशी भडंगाचा पुडा आणत, बापलेक समोरासमोर बसून खात, आणि खाता खाता दोघंही रडत. तेवढंच त्यांचं रेवूसाठी रडणं. एरवी घरात तिचा विषय निघत नसे. त्या वर्षी पुडा फुटला, आण्णांनी पहिला घास घेतला आणि त्यांची मान खाली गेली. ईश्वरीनं घास घेतला. तिच्या मनात आलं, यंदा मीठ जास्त झालंय.

तिनं घाईनं रेवू आठवली. सगळं जागच्या जागी होतं. खाट, मिटलेले डोळे, शेंगदाणा. सगळं दिसत होतं, पण ते शेजाऱ्यांच्या घरात घडल्यासारखं होतं. ती भ्याली. तिनं पुन्हा आठवलं, आणि पुन्हा. काहीच नाही.

आण्णांनी डोळे पुसून वर बघितलं. माणूस यंत्र नसला तरी बाप होता, त्याला समजायला वेळ लागला नाही. "काय गं?" ते म्हणाले.

तिनं सगळं सांगून टाकलं. ठेव काय असते, ती कशी वापरतात, कशी संपते. आण्णा पुड्याची घडी घालत ऐकत होते.

"म्हंजे रेवू कामाला लागली म्हण की," ते शेवटी म्हणाले. "दहा खाटांवर. येवढीशी पोर."

"आण्णा, असं बोलू नका हो."

"बोलत न्हाई. तुला तरी दुसरं काय हुतं हातात?" ते उठले आणि दुकानात गेले. त्यानंतर रेवूचं नाव त्यांनी तिच्यासमोर काढलं नाही. आपण एकटेच आता तिचे उरलो, असं त्यांना वाटत असावं, आणि ते खरंच होतं.

वॉर्डातले गुण उतरू लागले. आधी ऐंशीच्या खाली, मग पंचाहत्तरच्या. ईश्वरीनं ठेव सोडून सरळ रुग्णाकडं बघायचा प्रयत्न केला. पहिल्या मुलाखतीत ते आठ गुण कापले नसते तर ती चौऱ्याहत्तरावर पास होती. तेवढी माया तिच्याकडं स्वतःची होती, कुणाकडून उसनी न घेतलेली. ती कुठं गेली? समोर माणूस कण्हायचं, आणि तिचं मन सवयीनं उठून रेवूकडं जायचं. तिथं आता काही नव्हतं, म्हणून रिकाम्या हातानं परत यायचं. तोवर समोरच्या माणसाकडं बघायचं राहूनच जायचं. रस्ताच तसा पडला होता. मे महिन्यात सरासरी अडुसष्ट आली आणि ताकीद मिळाली.

ती कोरे मॅडमकडं गेली. मॅडमनी चहा टाकला.

"घरी सराव केलास ना?"

"केला."

"सगळ्याच करतात." मॅडमनी कप पुढं सरकवला. "दुसरी ठेव शोध."

"दुसरी नाही. आई गेली तेव्हा मला कळतच नव्हतं."

"वडील आहेत ना तुझे?" असं म्हणून मॅडम एकदम थांबल्या. त्यांनी जीभ चावली आणि खाली बघितलं. "मला तसं म्हणायचं नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "चहा घे."

ईश्वरीनं चहा घेतला नाही. पण ते वाक्य तिच्याबरोबर जिना उतरून घरापर्यंत आलं.

आण्णांना त्याआधीपासूनच जेवण जात नव्हतं, आणि ते सांगत नव्हते. पावसाळ्याअखेर कावीळ दिसली, तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. उशीर झालेला. दुकानासमोरच्याच हॉस्पिटलात, ईश्वरीच्याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर त्यांना ठेवलं. घरच्या माणसाची सोबत घरच्याच परिचारिकेला देत नाहीत असा नियम होता. त्यामुळे आण्णांच्या खाटेला नयना म्हणून दुसरी मुलगी होती, कोरे मॅडमच्या क्लासला ईश्वरीबरोबरच असलेली. ईश्वरी आपली पाळी संपली की गणवेश बदलून, लेक म्हणून येऊन बसायची.

त्या दिवशी ती आली तेव्हा नयना आण्णांचा हात हातात धरून बसली होती आणि तिचे गाल ओले झाले होते. तिचं रडणं सुंदर होतं, त्यात काही खोट काढण्यासारखं नव्हतं. तिची वेळ संपली. ती म्हणाली, "काका, मी आता जाते," आणि पुढच्या खाटेकडं गेली.

आण्णा तिच्या पाठीकडं बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "हिचं कोण गेलंय गं?"

"भाऊ. कॅनॉलमध्ये," ईश्वरी म्हणाली.

"अरेरे," आण्णा म्हणाले. "केवढा हुता?"

"बारा-तेरा वर्षांचा."

"बिचारी." त्यांनी डोळे मिटले. श्वास लागत होता म्हणून ते तुकड्यातुकड्यानं बोलत होते. "ईशू, तुझं काय झालं? तिकडचं?"

"कशाचं?"

"नोकरीचं. ह्या महिन्याचं."

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण त्यांच्याशी ते कधी जमलं नव्हतं. "सत्तरच्या काठावर आहे. महिनाअखेर कळेल. खाली गेले तर काढतील. जाऊ दे आण्णा, काहीतरी बघीन दुसरं."

"दुसरं काय? लहानपणापास्नं तुला दुसरं काय येतंय?"

ती पांघरूण सारखं करू लागली. आणि ते करता करता तिच्या ध्यानात आलं की आपण मघापासून काय करतोय. त्यांच्या पिवळ्या पडलेल्या डोळ्यांतली लाल रेघ ती बघत होती. अंगठ्याशेजारच्या बोटाला सुई टोचून टोचून झालेला घट्टा बघत होती. श्वास घेताना गळ्याखाली पडणारा खळगा बघत होती. जसं रेवूचं सगळं क्लासमध्ये सांगितलं, तसं एकेक नीट लावून ठेवत होती. कधीपासून, कोण जाणे. तिनं झटकन तोंड फिरवलं.

"का गं? बघ की," आण्णा म्हणाले.

"काय?"

"मला कळतंय. तू आल्यापास्नं बघतीस, आन मी तुझ्याकडं बघितलं की मान फिरवतीस."

"आण्णा, नाही हो. तसं नाही." तिचा आवाज चिरकला. "मी नाही करणार तसं. तुमचं नाही करणार. आईशप्पथ."

"आगं, गप." त्यांनी पांघरुणातून हात काढला आणि तिच्या मनगटावर ठेवला. हातात जोर नव्हता, नुसतं वजन होतं. "मी काय हितं ऱ्हाणार हाय? जाणारच हाय. जन्मभर चिंधी वाया घालवली न्हाई मी. कापून उरलं त्याची गुंडी केली, पिशव्या केल्या. मग ह्ये कशाला वाया घालवायचं?"

"मला तुमच्यासाठी रडायचंय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणासाठी नाही."

"व्हय. ते हाय." ते थोडा वेळ दम खात पडले. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. "पन रेवूगत करू नकोस. सारखं काढत बसू नकोस. जरा जपून वापर. पुरंल तुला, बघ."

खिडकीतून तिन्हीसांजेआधीचं पिवळं ऊन खाटेच्या पायथ्यापर्यंत आलं होतं, तोंडावर मात्र सावली होती. आण्णांनी कोपरावर भार देऊन अंग थोडं वर सरकवलं. तिनं आधार द्यायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. मग तिला नीट दिसावं म्हणून त्यांनी आपला चेहरा उजेडाकडं वळवला आणि तसाच धरून ठेवला.

ईश्वरी बघत राहिली. कित्येक महिन्यांनी तिच्या पोटात खरंखुरं तुटलं. हुंदका वर आला, गळ्यापर्यंत आला, आणि तिथंच तिनं तो गिळला. आत्ताच खर्च करून चालणार नव्हतं.